चौकोनी घडी

“पंचफुला, फडकं ऊन कर वं,” ओसरीवरून मामाजींनी हाक दिली, आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून त्यांचा हात आत आला. हातात मलमलीचा चार बोटांचा तुकडा आणि त्यावर तेलाचा एक थेंब.

मी तो तुकडा घेतला आणि चुलीवरच्या तव्याला अलगद टेकवला. तेल तापलं तसा वास उठला. गुलाबासारखा, पण गुलाबाइतका लाडिक नाही. खालून वाळक्या गवताचा करकरीतपणा असलेला. मोतिया होता तो, शंकाच नव्हती. मी फडक्याची चौकोनी घडी घातली आणि फटीतून परत दिली.

ओसरीवर अचलपूरचे अत्तरवाले रशीदभाई मांडी घालून बसले होते. मामाजींनी घडी उलगडली, फडकं नाकाला लावलं, डोळे मिटले आणि मान डोलावली.

“मोतिया. डोंगराच्या उतरनीवरचा. पानी थांबल्यावर महिन्याभरानं कापला हाय.”

“वाह, उकंडराव! अजून नाक जवान हाय तुमचं.”

उतरणीचं आणि महिन्याचं मामाजींनी पदरचं घातलं होतं. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. खरी गोष्ट ही होती की त्यांना वासच येत नव्हता, आणि हे त्यांच्याखेरीज जगात फक्त मला माहीत होतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे, उकंडराव येवले. आमच्या वऱ्हाडात सुना सासऱ्याला मामाजीच म्हणतात. गाविलगडच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि त्या डोंगरउतारावर तिखाडी नावाचं गवत पुरुषभर उंच वाढतं. त्याला फुलोरा आला की कापायचं, एक दिवस सुकू द्यायचं, हंड्यात दाबून भरायचं आणि खालून जाळ घालायचा. झाकणाला उडदाच्या पिठाचा लेप, वाफेला बांबूची नळी, आणि नळीचं दुसरं तोंड नाल्याच्या थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. थंड झाली वाफ की पाण्यावर तेल तरंगतं. हे रोशाचं तेल. सांधे धरले की चोळा, टाचांना भेगा पडल्या की भरा, डास फार झाले की हातापायांना लावा. अत्तरवाल्यांना आणि साबणवाल्यांना ते त्याच्या गुलाबी वासासाठी हवं असतं.

लोक रानातलं गवत कापून आणायचे. मामाजींनी मात्र आमच्या चार एकर बरड रानात तिखाडी चक्क पेरली होती. जिथे ज्वारीसुद्धा तोंड वर काढत नव्हती तिथे ती दणकून आली. आधी गाव हसलं, म्हणालं, उकंड्या गवत पेरते, उद्या गोटे पेरीन. मग तेलाचे डबे जायला लागले तसे हसणारेच बी मागायला आले.

आता यातली मेख अशी. तिखाडीच्या दोन जाती. कोरड्या उतारावर उन्हात वाढते ती मोतिया, आणि नाल्याकाठी ओलीत वाढते ती सोफिया. दोन्ही शेजारी ठेवा, सख्ख्या बहिणी वाटतील. फरक फक्त वासात. मोतियाला गुलाबाचा वास, सोफियाला आल्यासारखा, नाकात झोंबणारा. मोतियाच्या डब्यात थोडं जरी सोफिया गेलं तरी माल उतरतो. म्हणून पारखी लागतो, आणि आमच्या पट्ट्यातल्या वीस-पंचवीस गावांत पारखी एकच होते, मामाजी.

तीन वर्षांपूर्वी गावात ताप आला. त्या तापात माझा नवरा गेला आणि मामाजींचं नाक गेलं.

नवऱ्याला बैलगाडीतून परतवाड्याला नेत होते. माझ्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. वाटेत ते कधी गेले ते मला कळलंच नाही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. मी दहावी शिकलेली बाई, पण नाडी कुठे बघतात हे मला ठाऊक नव्हतं. ती गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

मामाजी तापातून उठले, महिनाभर गप्प राहिले, आणि एक दिवस भट्टीवर त्यांनी तेल लावलेलं मनगट माझ्यापुढे धरलं. “पाहय बरं, कोन्तं हाय?” मी वास घेतला आणि म्हटलं, मोतिया. त्यांनी डोळे पुसले. धुरानं पाणी आलं म्हणाले. तेव्हापासून मी त्यांचं नाक झाले.

पण विधवा सून ओसरीवर येऊन परक्या पुरुषांसमोर बाटल्या हुंगणार कशी? म्हणून मामाजींनी ही फडक्याची युक्ती काढली. “थंडं तेल लबाड असते, ऊन तेल खरं बोलते,” असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगायचे. मग फडकं आत यायचं. चौकोनी घडी म्हणजे मोतिया, तिकोनी घडी म्हणजे सोफिया, आणि गुंडाळी केली तर भेसळ. आमचे नियम दोन: मी दारापुढे यायचं नाही आणि त्यांनी दाराकडे पाहायचं नाही. ही युक्ती इतकी लागू पडली की शेजारच्या दोन गावांतले भट्टीवालेही फडकी तापवायला लागले. त्यांना त्यातून काय कळायचं देव जाणे.

मला त्या घरात कोणी छळत नव्हतं. हीच अडचण होती. छळ असता तर भांडून निघता आलं असतं. इथे सासू मला जवळ बसवून जेवायची, आणि सासऱ्याची भाकरी माझ्या नाकावर चालत होती. मला रोज सकाळी उठलं की कोंडल्यासारखं व्हायचं आणि कोणाचा राग करावा ते कळायचं नाही.

चार दिवसांपूर्वी अमरावतीहून पत्र आलं होतं.

महिन्यातून एकदा गावात येणाऱ्या नर्सबाईंनी माझा अर्ज भरून दिला होता. नर्सच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली होती. पंधरा तारखेच्या आत हजर न झाल्यास जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल, सोबत पालकाची सही आणावी. माझे आईवडील नव्हते. भाऊ म्हणायचा, सासरी सुखात आहेस, सासरीच राहा. पालक म्हणजे मामाजी.

पत्र घेऊन मी भट्टीवर गेले होते. हंडा चढलेला होता. मी नाल्याच्या दरडीवर बसून पत्र तिसऱ्यांदा वाचत होते, तेवढ्यात पलीकडून मामाजी ओरडले, “जाळ ओढ, पंचफुला! बुडाशी लागून रायलं.”

मी धावत जाऊन लाकडं ओढली. खरंच हंड्यातलं पाणी आटत आलं होतं, गवत करपणार होतं. माझं लक्ष पत्रात, मला काही जाणवलं नव्हतं.

“तुमाले कसं समजलं?”

“आवाजावरून. पानी सरलं की हंडा कन्हते,” ते म्हणाले आणि नळीखालचं भांडं पाहायला वळले.

मी हिंमत केली. “मामाजी, अमरावतीचं पत्र आलं. जागा भेटली. पंधरा तारखेच्या आत जा लागते. तुमची सई पायजे.”

“गेल्या सालीबी भेटली होती.”

“गेल्या साली तुमी म्हटलं, एक हंगाम थांब. थांबली मी.”

ते पळीनं पाण्यावरचं तेल काढत राहिले.  मग म्हणाले, “मी कोन तुले आडोनारा? जाय नं. माहं नाक तेवढं इथं ठेवून जाय.”

“असं कसं बोलता?”

“मंग कसं बोलू? पोरगा गेला. नाक गेलं. आता नावच उरलं हाय. तू गेली की पयल्याच फडक्याले थेबी जाईन. तुह्या सासूले ह्या वयात कोनाच्या दारात उभी करू, सांग.”

मी पत्र पदराच्या गाठीला बांधलं आणि गवताच्या पेंढ्या मोजायला लागले. सही झाली नाही. आणि आज अकरा तारीख होती.

ओसरीवरून दुसरं फडकं आलं. तव्यावर धरताच रॉकेलचा दर्प आला. असली भेसळ आंधळ्यालाही दिसली असती. मी गुंडाळी करून दिली.

“ह्यात घासलेट हाय,” मामाजी म्हणाले. “ज्यानं देल्लं त्याच्या दारात पाय ठेवू नोका.”

रशीदभाई हसले. मग त्यांचा आवाज जरा खाली आला, तशी मी फटीजवळ सरकले.

“उकंडराव, आता असल गोष्ट ऐका. मुंबईची साबनाची एक कंपनी हाय. त्यांले निव्वळ मोतिया पायजे. तीन साल. ह्या पट्ट्यातला हर एक डबा तुमच्या नाकाखालून जाईन. तुमचा शिक्का लागल्याबिगर एक डबा उठनार नाई. पाहिजे तं बारा महिने मानूस बसवतो इथं.”

“तीन साल?”

“तीन साल. पन कंपनीवाले शक्की. म्हनतेत, बुढ्ढा खरंच वळखते का? म्हनून ह्या तीन शिश्या आनल्या. दोन झाल्या. ही आखरी. मंग हातावर हात, सौदा पक्का.”

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, चुलीपाशी पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. त्यांना घडीचं गुपित माहीत नव्हतं. नवऱ्याचं नाक शाबूत आहे असंच त्या समजत होत्या. त्यांनी दोन्ही हात जोडले.

“देव पावला वं माय! तीन साल! आता घरात मानसाची ये-जा राहीन, चहापानी राहीन. तू हायस म्हनून निभते. माह्या ह्या टोंगळ्यानं काय होते?”

तीन वर्षं. मी मनात हिशेब केला. सत्ताविसाव्या वर्षी मी याच चुलीशी याच तव्यावर फडकी धरून बसलेली असणार. आणि तीन वर्षांनी पुन्हा कोणीतरी म्हणेल, एक हंगाम थांब.

तिसरं फडकं फटीतून आत आलं.

तव्यावर धरायचीही गरज नव्हती. हातात घेतानाच आल्याचा झणका नाकात गेला. सोफिया, अगदी निखळ. रशीदभाईंनी मुद्दाम सोपं आणलं होतं, म्हाताऱ्याची लाज राहावी म्हणून.

मी फडकं तव्यावर धरलं. बोटांनी सवयीनं तिकोनी घडी घातलीही. ती हातात धरून मी उभी राहिले. पदराच्या गाठीतलं पत्र कमरेला टोचत होतं. मला बैलगाडी आठवली, मांडीवरचं डोकं आठवलं. मग मामाजींचे भट्टीवर पुसलेले डोळे आठवले.

“किती येळ लावतं?” आत्याबाई म्हणाल्या. “जाळतं का काय फडकं?”

मी घडी उलगडली. पुन्हा घातली. चौकोनी. दाराच्या फटीतून बाहेर दिली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला.

फटीतून मला मामाजी दिसत होते. त्यांनी घडी उलगडून फडकं नाकाला लावलं. डोळे मिटले. एरवी दोन श्वास घ्यायचे आणि बोलायचे; या वेळी बराच वेळ तसेच बसून राहिले. मग डोळे उघडून त्यांनी दाराकडे पाहिलं. तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.  अंधारात उभी असलेली मी त्यांना दिसणं शक्य नव्हतं, तरी मी मागे सरले.

“मोतिया,” मामाजी म्हणाले.

रशीदभाई मग हळूच म्हणाले, “एक बार फिरसे सूंघो, उकंडराव. घाई नाई.”

“सुंगलं. मोतियाच हाय.”

रशीदभाईंनी शिशीला बूच लावलं. फार सावकाश लावलं. “हे सोफिया हाय. नाल्याकाठचं. मी सोता भरलं.”

“असंन बाप्पा,” मामाजी म्हणाले. “वय झालं.”

रशीदभाई वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, मामाजींच्या गुडघ्यावर हात ठेवून “तबियत सांभाळा” म्हणाले, आणि तीन शिश्या रुमालात बांधून जीपमध्ये बसले. हातावर हात काही झाला नाही.

आत्याबाई रडत देवघरापाशी गेल्या. मी दिवसभर मामाजींच्या समोर गेले नाही. दिवस कलला तेव्हा ते ओसरीवरच होते, पेटीतले मलमलीचे उरलेले तुकडे एकावर एक रचत होते. मी चहा ठेवला.

“मामाजी, फडकं जास्त तापलं. मले वास समजला नाई.”

एका पापावर दुसरं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“होते असं,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “थो कागद कुठं हाय तुहा? आन. सई कुठं करा लागते, दाखव.”

मी पदराची गाठ सोडली.  त्यांनी पेन्सिलीनं आधी नाव लिहून पाहिलं, मग शाईनं मोठ्या अक्षरात सही केली.

“आता फडकी ऊन कराचं काम उरलं नाई. तू इथं बसून काय करशीन? जाय.”

मी समजले ते इतकंच, की काम संपलं तसं माझं घरही संपलं. राग आहे, आणि असायलाच हवा, असं मला वाटलं. मारलं असतं तर परवडलं असतं.

पुढचे दोन दिवस मी विहिरीवर गेले की बाया गप्प व्हायच्या. मी पाठ फिरवली की सुरू. उकंड्याचं नाक गेलं म्हणे. इतके साल लोकायले बनवत होता काय कोन जाने. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातला भट्टीवाला आपले डबे पारखायला ठेवून गेला होता, ते न पारखताच उचलून घेऊन गेला. मामाजींनी स्वतः त्याच्या डोक्यावर डबा चढवून दिला. ते पाहून मी पेटीतली लुगडी पुन्हा बाहेर काढली होती. आत्याबाईंनीच ती परत भरली. “सई झाली नं? मंग निघ. घरातल्या बाईनं एकदा उंबरठा ओलांडाचं ठरवलं की मांगं पाहू नये,” म्हणाल्या, आणि पेटीत तेलाची एक बाटली खोचली. नर्सबायकांना उभं राहावं लागतं, पोटऱ्या भरून येतात, रात्री चोळत जा म्हणाल्या.

चौदा तारखेला सकाळी फाट्यावर एसटी होती. दोन मैलांची वाट मामाजी माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन पुढे चालत होते. मी मागे. वाटेत आमचं तिखाडीचं रान लागलं. कापून झालेलं, बुडखे उरलेले. ते थांबले नाहीत, मीही नाही.  मला पाय धरून सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं, आणि सांगितलं तर सही मागे घेतील अशी भीतीही वाटत होती. मी तेव्हा तशी होते, ते झाकून काय उपयोग?

एसटी आली. मामाजींनी पेटी आत चढवून दिली आणि मला खिडकीपाशी जागा धरून दिली. मी वाकून नमस्कार केला. ते खाली उतरले, खिडकीखाली येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्यासारखे म्हणाले, “तिथं गेल्याबराबर हे लुगडं धुऊन टाकजो.”

“जी.”

“तिखाडीचा वास येऊन रायला पदराले. शयरातल्या पोरी हासतीन तुले.”

“जी,” मी म्हटलं.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडीनं गचका दिला, आणि मगच ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. मी खिडकीच्या गजांना धरून उठले.

“मामाजी! तुमाले वास येते?”

ते गाडीबरोबर चालू लागले. खिडकीचा गज त्यांनी धरला होता.

“कवापासून?”

“मांगच्या सालच्या आखाजीपासून,” ते म्हणाले. खाली पाहतच म्हणाले. “थोडा थोडा आला. मंग सगळाच आला.”

मागच्या सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया; दीड वर्ष झालं. गेल्या साली “एक हंगाम थांब” म्हणाले तेव्हा त्यांना वास येत होता. तीन दिवसांपूर्वीपर्यंत मी त्या चुलीशी फडकी तापवत बसले होते तेव्हाही. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. दीड वर्ष त्यांनी मला एका खोट्या खुंटीला बांधून ठेवलं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि दुसरीच गोष्ट तोंडून निघाली.

“मंग त्या दिवशी? तिसरं फडकं?”

“सोफिया होतं थे. पयल्या वासालेच समजलं.”

गाडीनं वेग घेतला. मामाजी धापा टाकत होते, तरी गज सोडत नव्हते.

“मंग मोतिया कायले म्हटलं?”

त्यांनी गज सोडला आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

“तू चौकोनी घडी घातली होती नं, माय.”